गवसणी



भाषेच्या अभ्यासकाला शब्द केवळ ग्रंथालयात भेटतात असे नाही. ‘गवसणी’ हा शब्द मी कोशात अनेकदा वाचला होता आणि वर्गात शिकवलाही होता. परंतु त्या शब्दाची मला प्रत्यक्ष गरज पडली ती गोंदियाच्या बाजारपेठेत, एका जुन्या सॅक्सोफोनसाठी पेटी शोधत फिरताना. हा शोध सुमारे दीड वर्ष चालला. त्याची हकीकत तुमच्यापुढे ठेवण्याचे कारण असे, की एखाद्या वस्तूला आवरण घालणे म्हणजे काय करणे, हा प्रश्न वाद्याइतकाच भाषेलाही लागू पडतो आणि तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात.

हे वाद्य माझ्या मामांचे. आमच्याकडे मामाला ‘मामाजी’ म्हणतात. त्यांचे वय आज चौऱ्याऐंशी आहे. तिरोडा परिसरातील एका बँड पथकात त्यांनी जवळपास चाळीस लग्नसराया वाजवल्या. १९६७ साली, म्हणजे गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग असताना, ते हावड्याच्या गाडीने कोलकात्यास गेले आणि लालबाजार भागातील वाद्यांच्या दुकानांतून एक वापरलेला सॅक्सोफोन घेऊन आले. हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर गोंदिया असल्यामुळे आमच्या भागातील वादकांना मुंबईइतकेच कोलकातेही जवळचे होते. वाद्य मिळाले, पण त्याची मूळ पेटी मिळाली नाही. मामाजींनी ते गोधडीत गुंडाळले, सुतळीने बांधले आणि रात्रभर मांडीवर घेऊन प्रवास केला. पुढची कित्येक वर्षे गोधडी हेच त्या वाद्याचे आवरण राहिले. हात थकल्यावर त्यांनी ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले, वर कडुनिंबाचा पाला घातला आणि ट्रंकेला कुलूप लावले. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते बाहेर निघे. हळदकुंकू लावून घेई आणि पुन्हा आत जाई.

ट्रंक कायमची उघडण्याची वेळ आणली ती त्यांच्या नातीने. तिला सॅक्सोफोन शिकायचा होता. शिकवणारे शिक्षक नागपूरला होते आणि गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. दर रविवारी सकाळी जायचे, संध्याकाळी परतायचे. ज्यांनी आमच्या बाजूची रविवारची सकाळची गाडी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की त्या गर्दीत माणूसही स्वतःच्या आकारात राहत नाही. मग शंभर वर्षांच्या वाद्याची काय कथा? मामाजींनी नकार दिला. त्या नकारात रागापेक्षा भीती अधिक होती. पेटी शोधण्याचे काम माझ्याकडे आले ते या नकारामुळे.

आता वाद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण अडचणीचे मूळ त्याच्या जातीत आहे. सॅक्सोफोन घडवणारे अडॉल्फ साक्स यांचा जन्म बेल्जियममधील दिनाँ या गावी १८१४ साली झाला. १८४६ साली त्यांनी पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असूनही जाणकार त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत करतात, कारण त्याचा नाद बोरूसारख्या पोकळ गवताच्या पातळ पत्तीच्या कंपनातून उमटतो. साक्स यांनी या वाद्याची दोन कुळे कल्पिली होती. एक वाद्यवृंदासाठी, दुसरे लष्करी बँडसाठी. लष्करी कूळ टिकले. आज सर्वत्र दिसणारे ऑल्टो आणि टेनर हे सॅक्सोफोन त्याच कुळातले. वाद्यवृंदाच्या कुळातून पुढे एकच शाखा काही काळ बहरली. तिचे नाव ‘सी मेलडी’. आकाराने ही शाखा ऑल्टो आणि टेनर यांच्या मधली.

पेटीवर गाणाऱ्या मराठी माणसाला हा फरक चटकन समजेल. ऑल्टोवर वादक ज्याला ‘सी’ म्हणतो तो स्वर पेटीवर काळी दोनचा निघतो. टेनरवर तोच काळी पाचचा. सी मेलडीवर मात्र तो पांढरी एकलाच निघतो. म्हणजे पेटीवर जे बोट पडेल त्याच नावाचा स्वर या वाद्यातून येतो, मनात हिशेब करावा लागत नाही. याच सोयीमुळे १९२० च्या दशकात अमेरिकेतील घराघरांत पियानोच्या साथीला हे वाद्य वाजवले गेले. जॅझ संगीतात फ्रँकी ट्रमबाउर या वादकाने त्याला मानाचे स्थान दिले. पुढे १९३० च्या सुमारास मंदी आली, अभिरुची बदलली आणि त्याची निर्मिती थांबली. मामाजींना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी दुकानात चार वाद्ये फुंकून पाहिली आणि जे घरच्या पेटीशी जुळले ते घेतले. हार्मोनियमही १८४० च्या आसपास पॅरिसमध्येच आकाराला आलेले वाद्य. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता चालवण्याचे सुटसुटीत रूप दिले आणि ते आपल्या बैठकीत येऊन बसले. एकाच शहरात, एकाच दशकाच्या आगेमागे जन्मलेली ही दोन वाद्ये तिरोड्यातील एका ओसरीवर एकमेकांना भेटली.

अशा मधल्या मापाच्या वाद्याला पेटी शोधताना पहिला अडथळा आला तो शब्दाचा. गोंदियाच्या बाजारात मी ‘पेटी’ म्हणालो, की दुकानदार विचारी, “कोनती पेटी पाह्यजे, सर? बाजाची का लोखंडाची?” मराठीत पेटी हे पात्राचे नाव आहे आणि वाद्याचेही. वाद्याचीच पेटी हवी असे सांगितले, की हार्मोनियम पुढे येई. ‘कव्हर’ म्हणालो, की दुचाकीपासून भ्रमणध्वनीपर्यंत सर्व काही झाकणारे रेक्झिन दाखवले जाई. शेवटी मी खिशात वाद्याचे छायाचित्र ठेवू लागलो आणि शब्दांचा व्यवसाय करणारा मी बाजारात मुकाट्याने चित्र दाखवू लागलो.

दुसरा अडथळा मापाचा. नागपूरच्या सीताबर्डीवरील एका दुकानात ऑल्टोची आणि टेनरची, दोन्ही प्रकारच्या पेट्या होत्या. ऑल्टोच्या पेटीत आमचे वाद्य चार-पाच बोटे बाहेर राहिले. टेनरच्या पेटीत ते मावले, पण सैल राहिले. विक्रेत्याने सुचवले, “मोकळ्या जागेत टॉवेल भरा.” सूचना सहृदय होती, तरीही ती मानता आली नाही. त्याचे कारण समजण्यासाठी पेटी नेमके काय करते ते पाहावे लागेल.

सॅक्सोफोन दिसायला दणकट असतो. प्रत्यक्षात ती पातळ पितळेची निमुळती नळी असते. तिच्या अंगावर वीसेक भोके, प्रत्येक भोकावर झाकण, झाकणाखाली नमद्यावर चढवलेल्या चामड्याची गादी आणि ही सर्व झाकणे हलवणाऱ्या बारीक दांड्या. एखादी दांडी केसभर वाकली तरी तिचे झाकण भोकावर नीट बसत नाही. फट राहते, हवा निसटते आणि त्या भोकाखालचे सगळे स्वर घोगरे होतात किंवा उमटतच नाहीत. म्हणून पेटीचा पहिला नियम असा, की वाद्याचा भार चाव्यांवर येता कामा नये. तो पेलायचा वाद्याच्या भक्कम जागांनी: तळच्या वळणाने आणि वरच्या टोकाने. फुलासारखे उमललेले तोंड पेटीच्या भिंतीपासून सुटे हवे. पेटी उंचावरून पडली तर त्या जड तोंडाच्या ओढीने संपूर्ण नळी वाकते. बाहेरून पेटीवर ओरखडाही नसतो आणि आत वाद्य मोडलेले असते. वाद्याची मान वेगळी काढून तिच्या स्वतंत्र खणात ठेवायची आणि ती जिथे बसते त्या टोकाला बूच लावायचे, कारण तेथील छोटी पिन पटकन वाकते. सैल पेटीत टॉवेल भरला, की तो नेमका चाव्यांवर दाब देतो. संरक्षणासाठी घातलेली वस्तूच इजा करू लागते.

जुन्या वाद्यांची आणखी एक अडचण असते. १९३० च्या दशकात पॅरिसच्या सेल्मर कारखान्याने वाद्याच्या तोंडावरील दोन मोठ्या चाव्या उजव्या बाजूला नेल्या आणि पुढे जगभर हीच रचना रूढ झाली. आजच्या पेट्यांचे कोरीव साचे त्या रचनेनुसार असतात. त्यापूर्वीच्या वाद्यांत या चाव्या कधी डावीकडे, तर कधी एक इकडे आणि एक तिकडे असत. आमच्या वाद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चावी आहे. त्याच्या अंगावरील कोरीव अक्षरांत कारखान्याचे नाव झिजून गेले आहे. गावाचे नाव तेवढे उरले आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एल्खार्ट हे ते गाव. कॉन, ब्यूशर, मार्टिन अशा नामांकित निर्मात्यांचे हे गाव वाद्यांसाठी तसेच ओळखले जाते, जसे आपल्याकडे तंतुवाद्यांसाठी मिरज किंवा बँडच्या वाद्यांसाठी मेरठ.

मेरठचे नाव निघाले ते ओघानेच. आपल्या गावातील वरातीत वाजणारी पितळी वाद्ये बहुधा त्या शहरातील जली कोठी भागातून आलेली असतात. एकट्या नादिर अली कंपनीचा इतिहास १८८५ पर्यंत मागे जातो. मी तेथील एका कारागिराशी दूरध्वनीवर बोललो. त्याने अत्यंत आपुलकीने विचारले, ऑल्टो की टेनर? मी म्हणालो, मधला. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, मधला असेल तर वाद्य इकडे पाठवा, पाहिल्याशिवाय पेटी होणार नाही. वाद्य सुखरूप पाठवता आले असते, तर पेटीची गरजच नव्हती. पण त्याचे उत्तर योग्य होते आणि मला ते पुन्हा ऐकायचे होते.

मित्रहो, या टप्प्यावर मी बाजार थांबवून कोशाकडे वळलो. आवरणांसाठी मराठीत किती शब्द आहेत याची यादी करू लागलो. तलवारीला म्यान. बाणांना भाता. पोथीला बासन. उशीला अभ्रा, गादीला खोळ. कुंकवाला करंडा. पानसुपारीला चंची. आणि वाद्याला गवसणी. या यादीतील एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असेल. येथे प्रत्येक आवरणाचे नाव त्यातील वस्तूशी बांधलेले आहे. चंचीत कोणी तलवार ठेवत नाही, म्यानात कोणी कुंकू ठेवत नाही. ज्या काळी हे शब्द रोजच्या वापरात होते, त्या काळी आवरण वस्तूकडे पाहून केले जाई. शिंप्याच्या हाती तंबोरा देऊन त्याची गवसणी शिवून घेतली जाई. ‘कव्हर’, ‘केस’, ‘बॅग’ हे शब्द उपयुक्त आहेत, मीही ते वापरतो. परंतु ते कोणत्याही एका वस्तूचे नाहीत. आधी आवरण तयार होते आणि मग त्यात मावेल ती वस्तू शोधली जाते, अशा व्यवहाराचे ते शब्द आहेत.

‘गवसणी’ आणि ‘गवसणे’ हे शब्द कानाला सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. नादसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह भाषेच्या विद्यार्थ्याने आवरावा, हे मी तुम्हांला अन्यत्र सांगितलेच आहे. त्यापेक्षा वाक्प्रचारांकडे पाहा. तेथे जमीन अधिक भक्कम आहे. ‘आकाशाला गवसणी घालणे’ म्हणजे अफाट गोष्ट कवेत घेऊ पाहणे. ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ म्हणजे एखादी गोष्ट बाजूला सारून विसरून जाणे. दोन्ही आवरणे कापडाचीच आणि दोन्ही मौल्यवान वस्तूंची. तरीही एकीच्या नावाने मराठी माणसाने आकांक्षा सांगितली आणि दुसरीच्या नावाने विस्मरण. असे का झाले असावे? माझ्यापुरते उत्तर असे, की वाद्याची गवसणी रोज काढली जाते. वादक मैफलीला निघाला, की ती चढते. मैफलीत पोहोचला, की उतरते. पोथीचे बासन मात्र बहुधा वर्षातून एखाद्या श्रावणात सुटते. मामाजींची ट्रंक पत्र्याची असली, तरी तिचे काम बासनाचे होते. मी शोधत होतो ती गवसणी होती.

हा भेद मी मामाजींना सांगितला नाही. त्यांना व्याख्यानाची गरज नव्हती. मी एवढेच म्हणालो, की वाद्य पाहून पेटी करणारा माणूस मेरठला असेल, तर गोंदियातही असेल. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वाजवाले नेता असान तं न्या, दाखवाले नोका नेऊ.”

आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. मी ज्या वाढईकडे गेलो तो हार्मोनियमच्या खोक्यांची दुरुस्ती करीत असे. “वस्तू पाह्यल्याबिगर पेटी कशी करू, सर?” हे त्याचे पहिले वाक्य. मेरठचे वाक्य मला माझ्या बोलीत मिळाले आणि माणूस सापडला याची खात्री पटली.

वाद्य दुकानात नेण्याऐवजी तोच मामाजींच्या ओसरीवर आला. त्याने जमिनीवर तपकिरी कागद अंथरला, वाद्य त्यावर अलगद आडवे ठेवले आणि पेन्सिल उभी धरून त्याची कडा रेखली. मग वाद्य वळवून दुसरी बाजू, मग तिसरी. मामाजींनी प्रत्येक रेखाटनावर बोट ठेवून सांगितले: इथे हात लागला तर चालेल, इथे नाही. चालेल तिथे वाढईने गोल काढला, चालणार नाही तिथे फुली मारली. भार कुठे पडतो ते पाहण्याची युक्तीही मामाजींचीच. आमचा प्रदेश धानाचा. त्यांनी तांदळाचे अर्धे भरलेले मऊ पोते आडवे पसरायला सांगितले आणि वाद्य त्यावर हलकेच टेकवले. उचलल्यावर तांदळात त्याचा ठसा उमटला होता. तळच्या वळणाखाली खोल, वरच्या टोकाखाली उथळ, मध्ये कुठे कुठे चावीची पुसट खूण. जिथे पुसट खूण होती तिथे पेटीत पोकळी ठेवायची, असे ठरले.

बाहेरचे खोके पातळ प्लायवूडचे झाले. मुलीने ते पाठीवर घ्यायचे होते, म्हणून सागवानाचा मोह टाळावा लागला. आत तीन आधार: तळच्या वळणासाठी अर्धगोल खाच असलेला लाकडी ठोकळा, वरच्या टोकासाठी दुसरा आणि तोंड व नळी यांच्यामध्ये बसणारी कापसाची घट्ट उशी. ती उशी पिंजाऱ्याकडून करून घेतली. अस्तरासाठी दुकानदाराने लोकरी कापड आणि रबरी फोम सुचवला, पण आमच्या वाद्यावर चांदीचा मुलामा आहे. लोकर आणि रबर यांतून गंधकाचा अंश सुटतो आणि त्याने चांदी काळवंडते. म्हणून साधे धुतलेले सुती कापड वापरले. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने हवेत ओल असते आणि चामड्याच्या गाद्यांना बुरशी धरते. यासाठी अस्तर चिकटवले नाही, बंदांनी बांधले. ते सोडून उन्हात वाळवता येते. शेवटी पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराकडून खोक्यावर जाड कॅनव्हासचे आवरण शिवून घेतले, त्याला खांद्याचे दोन पट्टे लावले. आत पेटी आणि वर गवसणी. वाढईच्या बायकोने ते पाहून विचारले, “गवसनी शिवली का?” आमच्या बोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो. ज्या शब्दासाठी बाजारात मला चित्र दाखवावे लागले होते, तो तिच्या घरात जिवंत होता.

मित्रहो, येथे मला माझ्या विषयाकडे दोन पावले वळू द्या. गोंदिया जिल्ह्यात झाडीबोली बोलली जाते, पोवारी बोलली जाते, द्राविड कुळातील गोंडी बोलली जाते, हिंदी आणि छत्तीसगढीचा शेजार आहे. पोवारी बोलणारा विद्यार्थी वर्गात आला, की आपण त्याला मेरठच्या कारागिराचाच प्रश्न विचारतो: तुझी बोली मराठी की हिंदी? तिच्यात काही रूपे मराठीच्या जवळची दिसतात, काही हिंदीच्या. मधल्या मापाच्या या बोलीला आपण तयार पेटीत ठेवू पाहतो. न मावलेल्या भागाला अशुद्ध म्हणतो. सैल राहिलेल्या जागेत प्रमाणभाषेचा टॉवेल कोंबतो. पाठ्यपुस्तके, लिपी, व्याकरण ही भाषेची आवरणेच आहेत आणि ती हवीत. आवरणाविना बोली प्रवास करू शकत नाही. गावाबाहेर, पुढच्या पिढीपर्यंत जाऊ शकत नाही. परंतु ते आवरण बोली समोर ठेवून, तिचा ठसा घेऊन केलेले असावे. झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहून घेणारे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांचे मोल मला म्हणूनच वाटते. त्यांनी बोलीजवळ बसून तिचे माप घेतले.

आवरणाविषयी आपल्या परंपरेने आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. त्यांपैकी ‘अवनद्ध’ म्हणजे चामड्याने मढवलेली वाद्ये. मृदंग किंवा तबला यांचे चर्म हे एक आवरणच. पण ते काढले तर नाद उरत नाही. सॅक्सोफोन सुषिर वर्गातला, म्हणजे पोकळीचा. त्याचे सौंदर्य आतल्या रिकामपणात आहे आणि त्या रिकामपणाला धक्का न लावता त्याला सांभाळायचे असते. जे आवरण आतल्या वस्तूला श्वास घेऊ देत नाही, ते चामड्याचे असो वा नियमांचे, त्याचा उपयोग मर्यादितच.

पेटी तयार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नातीबरोबर नागपूरपर्यंत गेलो नाही. मामाजींनीही कोणाला पाठवले नाही. फलाटावर तिने पेटी पाठीला लावली आणि ती गर्दीत शिरली. गोंदियाच्या फलाटाला मापाचे महत्त्व जुने आहे. बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारा अरुंद मापाचा लोहमार्ग आणि मुख्य रुंद मार्ग या स्थानकात शेजारी शेजारी होते. एका मापाच्या गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर धावू शकत नसे आणि प्रवाशांना गाडी बदलावी लागे. संध्याकाळी ती परतली तेव्हा मामाजींनी स्वतः पेटी उघडली. एकेक चावी दाबून पाहिली. मग वाद्य नातीच्या हाती देऊन म्हणाले, सगळ्यांत खालचा स्वर वाजव. सर्व झाकणे नीट बसली असतील तरच तो स्वर निघतो. तो निघाला. थोडा खरखरीत होता, पण तो नवशिक्या ओठांचा दोष होता, वाद्याचा नव्हता. त्या दिवसापासून पत्र्याच्या ट्रंकेत तांदूळ ठेवले जातात.

तुम्ही दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहात. कोणी कार्यालयात, कोणी शेतावर, कोणी घरातील कामे आटोपून रात्री हे पुस्तक उघडत असाल. नियमित महाविद्यालयाचे वेळापत्रक तुमच्या आयुष्याला बसले नाही, म्हणून तुम्ही येथे आलात. मधल्या मापाचे असणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. त्यामुळे या निबंधाच्या निमित्ताने तुम्हांला एक काम सुचवतो. तुमच्या घरातील, गावातील वेगवेगळ्या आवरणांची नावे गोळा करा. धान्य ठेवण्याची, पोळ्या ठेवण्याची, दागिने, औजारे, कागदपत्रे, बाळाची दुपटी ठेवण्याची. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारा; अशा शब्दांचे भांडार बहुधा त्यांच्याकडे असते. प्रत्येक नाव तुमच्या बोलीत उच्चारले जाते तसेच लिहा, ‘ण’ आहे की ‘न’ याची चिंता न करता. मग प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी नोंदवा: हे आवरण कोणत्या वस्तूच्या मापाने केले आहे आणि ते किती वेळा उघडले जाते.